दीड टनाची कॅरॅव्हॅन ओढायची तर गाडी कोणती घ्यावी?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही मखमलाबादचे, द्राक्षबाग आहे. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं, एक तेरा वर्षांचा आणि एक नऊची. खरड छाटणी उरकली की थोडे दिवस मोकळे मिळतात, परत पावसाळ्यात गोडी छाटणीच्या आधी मिळतात, तेव्हा दर वेळी हॉटेल शोधण्यापेक्षा मागे ओढायची कॅरॅव्हॅन घ्यायची ठरवलंय. पुण्याकडची एक सेकंडहॅन्ड बघून आलोय, एकाच अ‍ॅक्सलची, पाटीवर रिकामं वजन ११५० किलो आणि जास्तीत जास्त १५०० किलो लिहिलंय. आता गाडीवरून घरात चार मतं झालीत. आमच्याकडे बोलेरो आहे, दीर म्हणतात तीच पुरे, डोंगर ओढेल. मिस्टरांना इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आवडलीय. मोठा मुलगा ऑस्ट्रेलियाचे व्हिडिओ दाखवतो आणि टोयोटाची हायलक्स पिकअपच घ्या म्हणतो. चालवणार बहुतेक मीच, कारण ट्रॅक्टर-ट्रॉली मला येते. सापुतारा, भंडारदरा आणि जव्हारवरून समुद्राकडे असं फिरायचंय. कोणती घ्यावी? आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना त्रास आहे, प्रवासात त्यांना मागे कॅरॅव्हॅनमधल्या बेडवर झोपवून नेलं तर चालेल का?
– एक वाचक, मखमलाबाद, नाशिक

उत्तर:

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सगळ्यात थोडंफार इकडेतिकडे चालेल पण यात नाही. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कुणालाही बसवायचं नाही, झोपवायचं तर अजिबात नाही, पाच किलोमीटरसाठीसुद्धा नाही. ती बॉडी म्हणजे प्लायवूड, फायबर किंवा पत्र्याचं हलकं खोकं असतं, तिथे ना सीटबेल्ट ना धरायला काही, आणि पुढे चालवणाऱ्याला मागे काय झालंय ते कळतही नाही. सासूबाईंना पुढची डावी सीट द्या, ती मागे सरकवा, आणि तास-सव्वा तासाने एखाद्या ढाब्याच्या मोठ्या आवारात गाडी लावा, तिथे त्या आपल्या स्वतःच्या बेडवर अर्धा तास पाय लांब करून पडू शकतात. कॅरॅव्हॅनचं खरं सुख हेच आहे, ते थांबल्यावरच घ्यायचं.

आता गाडी. तुम्ही पाटीवरचे दोन्ही आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलं. बहुतेक लोक आधी गाडी पसंत करतात, शोरूममध्ये टोकन देऊन येतात आणि मग तिच्यामागे काय लावता येईल याचा विचार करतात, तिथेच गाडं अडतं. आधी ट्रेलर भरल्यावर किती होतो ते काढायचं, मग तेवढं वजन घाटात चढवणारी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घाट उतरताना धरून ठेवणारी गाडी बघायची.

११५० हे ट्रेलर तयार झाला त्या दिवशीचं वजन धरा, नंतर आधीच्या मालकाने एसी, सोलर पॅनल, बाहेरची छत्री असं जे जे बसवलं ते त्यात नाही. त्यावर पाणी, लिटरला एक किलो, म्हणजे शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो तिथेच गेले. घरच्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असला तरी लोखंड धरून तो तीस किलोच्या आसपास भरतो (मी तर म्हणेन पाच किलोचा छोटा घ्या आणि गाडी चालू असताना बंद ठेवा). इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पन्नासच्या मागेपुढे. मग पाच जणांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, किराणा, खुर्च्या, मुलांच्या सायकली, हे सगळं दीडशे धरलं तरी कमीच धरलंय. बेरीज झाली १४८०. म्हणजे पाटीवर रिकामं वजन काहीही लिहिलेलं असो, तुमचा ट्रेलर रस्त्यावर कायम दीड टनाचाच असणार, आणि गाडी त्याच हिशोबाने घ्यायची. सोपा उपाय एवढाच की पाण्याची टाकी घरून भरून न्यायची नाही, मुक्कामाला पोचल्यावर भरायची, त्यात शंभर किलो सरळ वाचतात.

आणि अंदाजावर राहू नका, आपल्याकडे भुईकाट्यांना काय तोटा आहे. सौदा पक्का करायच्या आधी मालकाला म्हणा, ट्रेलर काट्यावर घ्या. एकदा गाडीपासून सोडवून, पुढचं छोटं चाक टेकवून, पूर्ण ट्रेलर काट्यावर. मग गाडीला जोडलेला असताना फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर आणि गाडी काट्याच्या बाहेर. पहिल्यातून दुसरं वजा केलं की ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा जो गोल बॉल असतो त्याच्यावर किती वजन येतंय ते निघतं. काटा दहा-वीस किलोच्या टप्प्यात दाखवत असेल तर हा आकडा ढोबळ येईल, पण अंदाजापेक्षा लाख पटीने बरा.

हे दांड्यावरचं वजन नीट समजून घ्या, कारण गाडी निवडताना लोक नेमकं हेच विसरतात. ते फार कमी असलं की ट्रेलर मागून जड होतो आणि वेगात शेपूट हलवायला लागतो, फार जास्त असलं की गाडीचं बूड बसतं. अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात, युरोपातले ट्रेलर वेगळ्या पद्धतीने बांधलेले असतात आणि तिकडे त्याहून बरंच कमी चालतं. तुमच्या ट्रेलरला किती चालेल ते कपलिंगवरच कोरलेलं असतं, दांड्याच्या टोकाला जो हँडलवाला लोखंडी तुकडा बॉलवर बसतो त्याच्यावर एक ठसा किंवा छोटी पाटी असते, तिथे इंग्रजी एस अक्षरापुढे आकडा असेल, ते किलो. मालकाकडे गेलात की मोबाईलने त्याचा फोटो काढून घ्या, ग्रीस लागलेलं असेल तर फडक्याने पुसून काढा पण घ्याच. सामान भरतानाही हेच ध्यानात ठेवायचं, जड वस्तू चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, खालच्या बाजूला, मागच्या कपाटात फक्त हलकं.

आपण हिशोबाला दांड्यावर १२० किलो धरू. आता हे १२० किलो गाडीच्या मागच्या चाकांवर येत नाहीत, त्यांच्याही मागे साधारण सव्वा मीटरवर येतात, त्यामुळे पुढची चाकं थोडी उचलली जातात. व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारख्या गाडीत दोन चाकांमधलं अंतर तीन मीटरच्या थोडं वर आहे, तिथे हिशोब केला तर पुढून पन्नासेक किलो कमी होतात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर १२० च्या जागी १७० चा भार पडतो. पुढचं वजन कमी झालं म्हणजे स्टिअरिंग हलकं लागणार, ब्रेक मारताना पुढची पकड कमी, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. गाडी आखूड असेल तर हे सगळं अजून वाढतं. थारसारखी गाडी ताकदीला कमी नाही पण मागे कॅरॅव्हॅन लावायला मी सुचवत नाही ते यामुळेच.

आता यात माणसं मिळवा. तीन मोठी माणसं २१० किलो, दोन मुलं ८०, टो बार (गाडीच्या मागे बसवायचा, बॉल असलेला लोखंडी बार) स्वतः तीसेक किलो, आणि दांड्याचे १२०. झाले ४४०. मागच्या हौद्यात एक पोतंसुद्धा न टाकता! गाडीचं जास्तीत जास्त चालणारं वजन वजा तिचं रिकामं वजन, एवढीच तिची क्षमता असते, आणि दिसायला ट्रक असलेल्या या फॅमिली पिकअपची ही क्षमता लोकांना वाटते तेवढी नसते, व्हेरिएंटप्रमाणे बदलते पण. म्हणून शोरूममध्ये गेलात की सनरूफ नि स्क्रीन बघायच्या आधी त्याच व्हेरिएंटचे हे दोन आकडे मागा आणि तिथेच वजाबाकी करा. ४४० पेक्षा पन्नास-शंभर किलो वर उरत असतील तरच पुढे बोला. हौदा मोठा दिसतो म्हणून त्यात जनरेटर, पाण्याचे कॅन, लाकडं भरायची नाहीत, तो जवळजवळ रिकामाच न्यायचा हे मनाशी पक्कं करा.

दीरांचं मत घेऊ. बोलेरो दणकट आहे, चासीवरची (खाली वेगळा लोखंडी सांगाडा असलेली) गाडी आहे, आपल्या भागात तिच्याइतकी विश्वासाची गाडी कमी, हे मीही म्हणेन. पण तिचं इंजिन दीड लिटरचं, ताकद ७६ पीएस आणि ओढ, म्हणजे टॉर्क, २१० न्यूटन मीटरच्या आसपास, आणि तिचं स्वतःचं रिकामं वजन तुमच्या भरलेल्या ट्रेलरपेक्षा फारसं जास्त नाही. इंग्लंडमध्ये नव्याने कॅरॅव्हॅन ओढणाऱ्यांना एक साधा नियम सांगतात, भरलेला ट्रेलर गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत हवा. कारण सरळ आहे, मागचं वजन पुढच्याएवढं झालं की कोण कोणाला ओढतंय हे मागचा ठरवायला लागतो. बोलेरो या नियमात बसत नाही. पहिल्या गिअरमध्ये ती चढ चढेलही, पण कसाऱ्याला उतरताना मागून दीड टन ढकलत असताना ती कशी थांबेल हा प्रश्न आहे, आणि त्यात मुलं बसलेली आहेत. बोलेरो मार्केटला आणि शेतात राहू द्या, तिथे तिला तोड नाही.

व्ही-क्रॉसचं इंजिन १.९ लिटरचं, १६३ पीएस, ३६० न्यूटन मीटर. हायलक्सचं २.८ लिटरचं, २०४ पीएस, मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर. दोन्ही चासीवरच्या, दोन्हींना मागे पाटे, दोन्हींचं स्वतःचं वजन दोन टनांच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे ८५ टक्क्यांच्या नियमात दीड टन बसतो. दोन्ही पांढऱ्या पाटीवर घरगुती वापराला घेता येतात. हायलक्स आपल्याकडे फोर बाय फोरच (चारही चाकांना ताकद देणारी) मिळते, व्ही-क्रॉस घेतलीत तर व्हेरिएंट बघून घ्या कारण फोर बाय टूसुद्धा (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद देणारी) आहे. तुम्हाला फोर बाय फोर कामाला येईल, भंडारदऱ्याला किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला ओल्या गवतावर रात्रभर ट्रेलर उभा राहिला की सकाळी तो काढताना फोर बाय टूची मागची चाकं जागीच फिरतात, आणि फोर-लो मध्ये (फोर बाय फोरचा सगळ्यात हळू, जोरकस गिअर) मुंगीच्या पावलाने रिव्हर्स घेता येतो, क्लच जळत नाही. फक्त कोरड्या डांबरावर ते लावून चालवायचं नाही.

माझं मत विचाराल तर हा ट्रेलर आणि ही पाच माणसं दोन्ही पक्कं असेल तर हायलक्स ऑटोमॅटिक घ्या. मुलगा बरोबर म्हणतोय, पण व्हिडिओतल्या कारणासाठी नाही. ऑस्ट्रेलियात हायलक्सचं फोर बाय फोर मॉडेल साडेतीन टनांचा ब्रेकवाला ट्रेलर ओढतं हे खरं आहे, पण तो आकडा तिथल्या गाडीला, तिथल्या टो बारला आणि तिथल्या कायद्याला आहे, इथे तो कुणी मानणार नाही, इन्शुरन्स कंपनी तर नाहीच. इथल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या वजनाचा आकडा असेल तो बघा, नसेल तर डीलरमार्फत कंपनीकडून लेखी मागा, ईमेलवर, सेल्समनच्या तोंडी 'हो हो सर, काही प्रॉब्लेम नाही' वर नाही. ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी किती आणि बॉलवर किती, असे दोन्ही आकडे. आकडा मिळत नसेल तर ती गाडी कितीही आवडो, ट्रेलरसाठी ती घेऊ नका. हायलक्स मी म्हणतोय ते दीड टन तिच्या आवाक्यात बराच आत राहतो म्हणून. मे महिन्याच्या दुपारी एसी लावून, पाच माणसं घेऊन चढाला लागलात की आवाक्याच्या काठावर चालणारी गाडी तापते, आवाक्यात आत असलेली निवांत चढते.

बजेट ताणलं जात असेल तर व्ही-क्रॉस वाईट नाही, काही लाख वाचतील, पण मग ट्रेलर भरून तेराशेच्या आत ठेवा किंवा मुळात छोटा ट्रेलर बघा. आणि एक तिसरा पर्याय घरात कुणी काढलाच नाही, स्कॉर्पिओ-एन डिझेल. तीही चासीवरची, वरच्या व्हेरिएंटला १७५ पीएस, मॅन्युअलला ३७० आणि ऑटोमॅटिकला ४०० न्यूटन मीटर, फोर बाय फोर मिळते, आणि सासूबाईंना चढ-उतार करायला, बाकीच्यांना मागे ऐसपैस बसायला पिकअपपेक्षा बरी. दोन चाकांमधलं अंतर २७५० मिलीमीटर, म्हणजे पिकअपपेक्षा फूटभर कमी, तेवढी ती ट्रेलरमागे कमी स्थिर. पण हौद्याची तुम्हाला गरज नसेल, आणि वर दाखवलं तसं तो रिकामाच न्यायचाय, तर तिचीही वजाबाकी करून बघा, लेखी आकड्याची अट तिलाही तीच. सव्वा पाच मीटरपेक्षा लांब हायलक्स शहरात रविवार कारंजाला नेऊन लावायचीय का, हाही विचार करा, वर्षातले बाकीचे दिवस गाडी तिथेच फिरणार आहे.

इंजिनावर एवढं बोललो पण माझ्या मते ट्रेलरचे ब्रेक त्याच्याही आधी येतात. युरोपात साडेसातशे किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, आणि तुमचा त्याच्या दुप्पट आहे. ट्रेलर बघायला जाल तेव्हा दांड्याकडे वाका. कपलिंगच्या मागे काळा रबरी भाता दिसला, आणि शेजारी हँडब्रेकचा उभा दांडा, तर तो ढकल्याच्या ब्रेकचा ट्रेलर आहे. म्हणजे गाडीने वेग कमी केला की ट्रेलर मागून ढकलतो, तो दांडा आत सरकतो आणि त्याच्या जोरावर ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. भाता फाटलेला असेल तर आत पाणी-माती जाऊन गंज धरला असणार, दांडा हाताने आत-बाहेर सरकतो का बघा, जाम असेल तर आधी दुरुस्ती, मग पैसे. दुसरा प्रकार विजेच्या ब्रेकचा, त्याला गाडीत ड्रायव्हरजवळ कंट्रोलर बसवावा लागतो. यातलं काहीच नसेल तर तो ट्रेलर घेऊ नका. आणि टायर बघताना नक्षीवर जाऊ नका, बाजूला चार आकडे असतात, २३१८ असेल तर २०१८ सालातला तेविसावा आठवडा. कॅरॅव्हॅन वर्षानुवर्षं एका जागी उभी असते त्यामुळे टायर नवे दिसतात आणि आतून तडकलेले असतात.

घाट उतरायचं साधं आहे पण मोडू नका: ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि तो गिअर घाट सुरू व्हायच्या आधी टाकायचा, ऑटोमॅटिक असली तरी मॅन्युअल मोडला घेऊन. ब्रेकवर सतत पाय ठेवला की ते तापतात, वास यायला लागतो आणि मग पाय दाबूनही गाडी थांबत नाही. दाबा, वेग कमी करा, सोडा, परत दाबा. मुंबईकडे उतरायचं असेल तर समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झालाय, त्यात जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसाऱ्याची वळणं वाचतात, ट्रेलरवाल्याला तो रस्ता सोयीचा. फक्त तिथल्या मोकळ्या पुलांवर आडवा वारा लागतो आणि ट्रक-बस शेजारून गेली की ट्रेलर आधी ढकलला जातो, मग तिच्याकडे ओढला जातो. रस्ता कितीही वेगाचा असो, तुम्ही ऐंशीच्या वर जाऊ नका, साठपेक्षा ऐंशीला थांबवायची ऊर्जा पावणेदोन पट होते. जव्हारकडे जाताना त्र्यंबकच्या पुढे तोरंगण घाट लागतो, तिथे रस्ता अरुंद आहे आणि वळणावर ट्रेलर आतल्या बाजूला कापतो, पावसात धुक्यात तो पहिल्याच ट्रिपला नको.

ट्रॅक्टर-ट्रॉली चालवता हे तुमचं मोठं भांडवल आहे. रिव्हर्सचं गणित तुमच्या हातात बसलेलं आहे, लोकांना ते शिकायला महिने जातात. पण ट्रॉलीने एक गोष्ट तुम्हाला शिकवलेली नाही, कारण ती तेवढ्या वेगाने जातच नाही: डुलणं. ऐंशीला मागचा ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे घ्यायला लागला की हात आपोआप स्टिअरिंग उलटं मारायला जातात आणि पाय जोरात ब्रेकवर, दोन्हीने डुलणं वाढतं. स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, अ‍ॅक्सिलेटर सोडायचा, बस्स. विजेचे ब्रेक असतील तर कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावायचे. शांत झाला की बाजूला घेऊन सामान मागे सरकलंय का बघायचं, बहुतेक वेळा कारण तेच निघतं.

टो बार कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून करून घेऊ नका. बंपरला असतो तो हुक बंद पडलेली गाडी खेचायचा आहे, ट्रेलरचा नाही. बार चासीला बोल्टने बसणारा, त्याच मॉडेलसाठी बनवलेला, वजनाची पाटी असलेला हवा. बॉलचा आकार कपलिंगला जुळतो का बघा, ५० मिलीमीटरचा बॉल सगळ्यात जास्त चालतो. जोडलं की खटका ऐकून विश्वास ठेवू नका, पुढच्या छोट्या चाकाची कडी फिरवून दांडा वर उचला, गाडीचं बूड सोबत उचललं गेलं तर बसलंय, कपलिंग एकटंच वर आलं तर नाही. मग साखळ्या, सुटल्यावर ब्रेक लावणारी केबल, लाइटचा प्लग, आणि मुलाला मागे उभं करून इंडिकेटर-ब्रेकलाइट बघायचे, दर वेळी. बाजूचे आरसेही वाढवून घ्या, कॅरॅव्हॅन गाडीपेक्षा रुंद असते.

कागदपत्रांचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन धरलं जातं, म्हणजे त्याची स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर, स्वतःचा विमा. पुण्याच्या मालकाकडे ट्रेलरचं आरसी आहे का हा तुमचा पहिला प्रश्न पाहिजे, भाव नंतर. नसेल, आणि तो म्हणत असेल की आम्ही असाच फिरवतो, तर उठून या. आरसी असेल तर त्याची झेरॉक्स आणि टो बारची माहिती घेऊन पेठ रोडच्या आरटीओत जा, गाडीला बार लावल्यावर काय नोंदवावं लागेल, तुमच्या लायसन्सवर चालेल का, ते खिडकीवर न विचारता अधिकाऱ्याला भेटून विचारा. आणि विमा कंपनीला ट्रेलर ओढणार आहे हे आधी लेखी कळवा, अपघातानंतर कळलं तर क्लेम अडकतो.

गाडी आली की लगेच सापुतारा नको. एखाद्या रविवारी पहाटे रिकामा ट्रेलर घेऊन आडगावहून ओझर, पिंपळगाव असं सरळ हायवेला जाऊन या, दुसऱ्यांदा भरलेला घेऊन, मग चांदवडच्या पुढे राहुड घाटापर्यंत. दिंडोरी-वणीवरून सापुतारा त्यानंतर, भंडारदरा आणि जव्हार पावसाळा सोडून. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात खोदकाम नि वळवलेले रस्ते असतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी मिस्टरांना दुचाकीवरून एक चक्कर मारून यायला सांगा, अकरा-बारा मीटरचं लटांबर अरुंद गल्लीत वळत नाही. तूर्तास एवढं करा ताई: कपलिंगच्या ठशाचा फोटो, भुईकाट्याची पावती आणि ट्रेलरचं आरसी, हे तीन कागद हातात आल्यावरच गाडीच्या शोरूमची पायरी चढा, आणि मिस्टरांनाही तोवर टोकन देऊ देऊ नका.